नाल्याकाठचा मोह

आम्ही जंगल तोडतो, असं मले आजवर लय लोकांनी सांगितलं. गडचिरोलीच्या एसटीत शेजारी बसलेल्या एका मास्तरानं सांगितलं. दवाखान्यात माझ्या पायाची पट्टी बदलणाऱ्या बाईनं सांगितलं, तेही प्रेमानं. आणि एका सायबानं तर टेबलावर हात आपटून सांगितलं. टेबल सागवानाचं होतं, दोन माणसं पाय पसरून झोपतील एवढं. मी टेबलाकडे पाहिलं, सायबाकडे पाहिलं, आणि मले हसू आलं. तो म्हणाला, "हसता काय बाई?" मी म्हटलं, "काई नाई जी. टेबल मस्त आहे तुमचं."

त्या टेबलापर्यंत मी कशी पोचली ते सांगते. माझीच चूक होती, म्हणून मलेच सांगावं लागते.

आमचं गाव एटापल्लीच्या अलीकडे, सडक सोडून आत. घरात गोंडी, बाजारात मराठी, टीव्हीवर हिंदी. मी आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकली, म्हणून गावात कोणताही कागद आला की तो फिरत फिरत माझ्या ओसरीवर येते. वाचता येते ती हुशार, असं गावाले वाटते. मलेही वाटायचं. त्याच हुशारीनं मी गावाचा घात करून बसली होती.

बांधीतलं, म्हणजे भाताच्या खाचरातलं, धान आमाले वर्षभर पुरत नाई. होळीच्या आसपास कणगीचा तळ दिसायले लागते. तिथून पुढं जंगल पोसते. आधी मोहफूल, मग चारोळी, मग तेंदूपत्ता, पावसात बांबूचे कोवळे कोंब, थंडीत डिंक आणि हिरडा. मोहफूल वाळवून ठेवलं की त्याची भाकर होते, आंबील होते, बैलाले चारता येते, बाळंतिणीले देता येते. दारूही होते, लाजायचं काय त्यात, आमच्या देवाले लागते. बियांचं तेल निघते. हे असं कोणाले सांगितलं की लोक मान डोलावतात आणि म्हणतात, "म्हणजे तुम्ही जंगलावरच जगता, मग जंगल संपणारच." अरे बाप्पा! दूध पिणारा माणूस गाय कापते काय?

मी पन्नाशी पार केली. जंगल कसं गेलं ते मी पुस्तकात नाई वाचलं, डोळ्यानं पाहिलं. लहान होती तेव्हा पहिला कूप पडला. कूप म्हणजे जंगलाचा एक तुकडा आखायचा आणि सगळा उभा आडवा करायचा. मोह, येन, तेंदू, आवळा, सारं गेलं. मग तिथी सागाच्या रांगा लावल्या, शाळेत पोट्टे उभे करतात तश्या. कागदावर ते आजही जंगल आहे. जाऊन पाहा कोणी. खाली गवत नाई, वर फळ नाई, अस्वलसुद्धा तिकडं फिरकत नाई. मग ट्रक भरभरून बांबू गेला. मग डोंगरातली लोखंडाची लाल माती न्यायले सडक रुंद झाली, आणि सडकेच्या दोन्ही बाजूंची झाडं एका उन्हाळ्यात दिसेनाशी झाली. माझी मोठी बहीण कोरपन्याकडे दिली आहे. तिथी कापूस, सोयाबीन आणि सिमेंट कारखान्याच्या चिमण्या. तिची सासू म्हणे तरणी होती तेव्हा तिथल्या जंगलात सरपणाले जायची. आता बहीण साधा झाडूसुद्धा माझ्याकडून घेऊन जाते. एवढं सगळं आम्ही आमच्या कुऱ्हाडीनं तोडायचं म्हटलं असतं, तर सात पिढ्यांले न झोपता तोडत बसावं लागलं असतं.

आमचं काईच चुकत नाई असं नाई म्हणत मी. मोहाखालचा पाचोळा आम्ही पेटवायचो, फुलं दिसली पाहिजेत म्हणून. एका वर्षी माझ्याच हातची आग वाऱ्यानं पसरली आणि दोन दिवस विझली नाई. तेव्हापासून मी खराट्यानं झाडते. कंबर मोडते, पण झाडते. सांगायले लाज वाटत नाई, कारण आपलं चुकलं ते आम्ही सांगतो तरी. टेबलवाल्यानं कधी सांगितलं?

आता मोहाची गोष्ट. आमच्या जंगलात प्रत्येक मोह कोणत्या ना कोणत्या घराचा आहे. कुंपण नाई, पाटी नाई, तरी कोणाचा कोणता हे सगळ्यांले पाठ. दुसऱ्याच्या मोहाखालचं फूल कोणी उचलत नाई. पण आमच्या गावात एक रीत आहे. मोहापुढं कोणी "हा माझा" म्हणत नाई. झाड आपल्याहून मोठं, आपल्या आज्याच्या आज्यानं पाहिलेलं. त्याले माझा म्हटलं की ते रुसते आणि पुढच्या साली फुलत नाई, असं म्हणतात. म्हणून कोणी विचारलंच, तर खाली पाहायचं आणि म्हणायचं, "नाई जी, आमचा कुठला?" आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईले वाकवेनासं झालं की ती झाडाखाली आपली टोपली ज्या सुनेच्या हातात देईल, त्या सुनेचा तो मोह. बोलायचं काई नाई. टोपली दिली की झालं.

माझ्या सासूचे मोह बरेच होते, त्यातला सगळ्यात मोठा नाल्याच्या काठावर. फुलं पडायले लागली की खाली पाय ठेवायले जागा नसते. बाकीचे मोह आम्हा दोघी जावांमध्ये नीट वाटले गेले. या एकावरून भांडण लागलं. मी मोठी सून, म्हणून तो माझ्याकडे आला पाहिजे, असं माझं म्हणणं. माझी धाकटी जाऊ म्हणायची, "बुढी सासूनं आपल्या शेवटच्या मोहाच्या दिवसात टोपली मले दिली." मी गावाले विचारलं, कोणी पाहिलं? कोणीच नव्हतं पाहिलं. मग मी म्हटलं, पाहिलं नाई तर दिली नाई.

तेव्हापासून अकरा वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाई. आमची घरं एकाला एक लागून, मध्ये काट्यांचं कुंपण. मोहाच्या दिवसात जी पहाटे आधी पोचेल तिची फुलं. मी बहुतेक आधी पोचायची. तिले काई सुनवायचं असलं की ती माझ्या ऐकण्यात तिच्या कोंबडीले सांगायची. "कोंबडे, काही लोकांले झोपच येत नाई वो, पराया मालावर डोळा असते ना." मी माझ्या बैलाले उत्तर द्यायची. कोंबडी मेली, बैल म्हातारा होऊन विकला, दुसरी कोंबडी आली, तरी आमचं सुरूच.

तर एका वर्षी पाऊस सरता सरता जंगल खात्याचा एक पाहणीवाला आला. माणूस वाईट नव्हता. चष्मा घामानं भरलेला, पायाले जळू चिकटलेली, तरी चिडचिड नाई. त्याच्याजवळ फॉर्म होता: आमच्या उतारावरच्या जंगलात कोणतं झाड कोणाच्या वापरात आहे. गावातल्या बायांशी गोंडीत बोलून त्याले मराठीत सांगायले गावानं मले सोबत दिलं. हुशार ना मी!

पहिल्या मोहाखाली एक बाई उभी होती. लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच झाडाखाली फुलं वेचते. त्यानं विचारलं, "हे झाड तुमचं?" तिनं खाली पाहिलं आणि म्हटलं, "नाई." मी सांगितलं, "नाई म्हणते." त्यानं लिहिलं: वापर नाही. दुसऱ्या मोहाखाली तेच, तिसऱ्याखाली तेच. मी त्याच्या खांद्यावरून ते लिहिलेलं वाचत होती. वाचूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाई, कारण मले त्या बायांचं उत्तर बरोबरच वाटत होतं. सभ्य बाई असंच उत्तर देते. नाल्याकाठच्या मोहाखाली तर जाऊ एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं, दोघी "नाई" म्हणून मोकळ्या झालो. तो हसला, "दोघींचंही नाही? इतकं मोठं झाड?" आम्ही दोन दिशांनी पाहात राह्यलो. शेवटी त्यानं फॉर्म पुढं केला, आणि खाली मी झोकात सही केली, गावाच्या वतीनं.

थंडीत माझ्या कानावर आलं ते जावेच्या कोंबडीमुळं. सकाळी मी अंगण झाडून राह्यली होती. ती सरपणाहून आली, मोळी धाडकन टाकली आणि ओरडली, "कोंबडे, मोहाले लाल पट्टे मारले वो! कोणीतरी सही करून जंगल देऊन आलं म्हणते!" तिचा आवाज फाटला होता. मी खराटा टाकला आणि धावत गेली.

पट्टे छातीएवढ्या उंचीवर होते, अजून चिकट. खाली आकडे. उतारावरचा एकही मोह सुटला नव्हता. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला होता, तो मीच वाचून दाखवला, दुसरं कोण वाचणार? वापरात नसलेलं मिश्र जंगल साफ करून तिथी सागाची लागवड. गावातलं कोणी मले शिवी दिली नाई. दिली असती तर बरं झालं असतं. सगळे फक्त माझ्याकडे पाहून राह्यले होते.

असं करत मी जंगल खात्याच्या ऑफिसात, त्या टेबलापुढं पोचली. सायबानं फॉर्म काढला. "ही सही कोणाची?" माझी, मी म्हटलं. "मग? वापर नाही असं तुम्हीच लिहून दिलं. आणि तोड आम्ही कुठं करतो, जंगल तर तुम्ही लोक तोडता." तिथंच तो हात आपटला. त्यानंतर मी जे बोलली ते सगळं इथी लिहीत नाई. पण एक सांगते, मी खुर्चीवर बसली. त्यानं बस म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "सायब, माझी चूक मी केली, मी निस्तरीन. तुमच्या माणसानं विचारायचं होतं, फुलं कोण वेचते. त्यानं विचारलं, झाड कोणाचं. जंगलात राहणारा माणूस झाडाचा मालक नसते जी. मालक तुमच्याकडे असतात, टेबलाचे." बाहेरचा शिपाई खोकला. सायबानं फॉर्म पुन्हा वाचला. मग म्हणाला, हरकत द्या, मोह फुलायच्या आधी पुन्हा पाहणी करू. प्रत्येक झाडाखाली सांगायचं हे कोणाचं. जे झाड कोणी सांगणार नाही, ते तोडायच्या यादीत राहील. "आणि या वेळी मी स्वतः येतो," म्हणाला.

गावात सभा बसली. मी सगळं समजावून सांगितलं, आणि झाली ना पंचाईत! आमच्याकडे गावदेवाची पूजा करते त्याले भूमिया म्हणतात. तो म्हातारा उठला आणि म्हणाला, "बाई, मोहापुढं माझा म्हणणार नाई. जंगल गेलं तरी नाई म्हणणार. माझा म्हटल्यावर ते आपलं राह्यलंच कुठी?" बायांनी मान हलवली. मले असा राग आला! मी म्हटलं, "मग सागाची पानं चघळा बसून! देवाले काय देता, सागाची दारू?" भूमिया हलला नाई. मी चिडून बोलतच गेली, "बरं, आपला नका सांगू. शेजारणीचा तर सांगाल? दुसऱ्याचं सांगायले या गावात कधी कोणाचं तोंड दुखलं काय?"

मागून एक बाई फिसकन हसली, मग दुसरी, मग भूमियाचे खांदे हलायले लागले. दुसऱ्याच्या मोहाले त्याचा म्हणायले रीतीची मनाई नव्हतीच. आजवर कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी ठरलं: आपल्या झाडाखाली आपण गप्प राहायचं, बाकी गावानं बोलायचं.

घरी येताना मी वाटेतच थांबली. नाल्याकाठच्या मोहाखाली कोण बोलणार? अकरा वर्षांत गावातलं एकही माणूस आमच्या भांडणात पडलं नव्हतं. कोणाचंही नाव घेतलं की दुसरीशी वैर. तो मोह कोणाचा हे सांगू शकतील अशा दोनच बाया होत्या, आणि त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या.

ठरल्या दिवशी सायब खरंच आला. सोबत गार्ड, गार्डच्या हातात चुन्याची बादली. जे झाड यादीतून सुटेल त्याच्या लाल पट्ट्यावर चुना मारायचा होता. पहिल्या झाडाखाली सायबानं त्या बाईले विचारलं, "हे तुमचं?" ती खाली पाहून म्हणाली, "नाई." सायबानं माझ्याकडे असं पाहिलं, की झालं तुमचं नाटक? तेवढ्यात मागून पंधरा-वीस गळे एकदम फुटले. "तिचाच आहे जी! तिच्या सासूचा होता, तिच्याआधी सासूच्या सासूचा!" कोणी सांगितलं की ही मागच्या साली याच झाडाखाली पाय मुरगळून पडली होती. कोणी सांगितलं की हिच्या नवऱ्यानं इथंच दारू पिऊन रात्र काढली होती. ती बाई लाजून लाल झाली. सायब म्हणाला, "दुसऱ्यानं सांगितलेलं मी कसं लिहू?" मी म्हटलं, "कोर्टात आपली साक्ष आपणच देतात काय जी?" त्यानं नाक खाजवलं आणि लिहिलं. गार्डनं चुना मारला.

मग आम्ही चढत गेलो, एक एक झाड घेत. असा दिवस मी कधी पाहिला नाई. ज्या दोघांचं बांधीच्या पाण्यावरून डोकं फुटलं होतं, ते एकमेकांच्या मोहाची साक्ष देत होते, तोंडं वाकडी करून, पण देत होते. चुना संपत आला तशी गार्डनं बादलीत पाणी घातलं. सायबाचा शर्ट घामानं भिजला होता. तो एकदा मले म्हणाला, "बाई, इतके मोह राहिले तर आम्ही साग लावायचा कुठं?" मी म्हटलं, "तुमच्या ऑफिसच्या अंगणात लावा जी, आम्ही पाणी घालायले येऊ."

दुपार कलताना नाल्यावर पोचलो. मोठा मोह, मोठा पट्टा. सायबानं विचारलं, "हे कोणाचं?"

मघापासून कलकल करणाऱ्या बाया पदर दातात धरून उभ्या राह्यल्या. भूमिया काठीनं माती उकरायले लागला. जाऊ झाडाच्या पलीकडे उभी होती, जमिनीकडे पाहात. मले कळत होतं ती काय विचार करत होती, कारण मीही तोच करत होती: तिनं माझं नाव घेतलं तर मोह माझा, कायमचा, सायबाच्या सहीनं. घे ना बाई, मी मनात म्हटलं, तूच घे.

"कोणीच नाही?" सायबानं कागद उलटला. "मग हे राहील यादीत. चला." गार्डनं बादली उचलली.

बुढीच्या त्या शेवटच्या मोहाच्या दिवसात मी नाल्याच्या पलीकडच्या काठावर होती, करवंदाच्या झुडपामागं. बुढी मोहाले टेकून बसली होती. जाऊ तिचे पाय चेपून देत होती, सहा महिने तीच चेपत होती, मी नाई. बुढीनं टोपली उचलली आणि तिच्या हातात दिली. दोन्ही हातांनी दिली. मी पाहिलं होतं. अकरा वर्षं गावाले विचारत फिरली, कोणी पाहिलं? आणि पाहणारी मीच होती.

"तिचा आहे," मी म्हटलं.

सायब वळला. "काय?"

मी हळू आवाजातच पुढं म्हटलं, "धाकटीचा. बुढीनं टोपली तिलेच दिली होती. मी पाहिलं."

बायांनी दातातले पदर सोडले. सायबानं जावेले विचारलं, "बाई, हे बरोबर आहे?" ती काई हो म्हणू शकत नव्हती, तिच्याच मोहाखाली उभी होती. तिनं मान वर केली. अकरा वर्षांनी तिनं सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि कोंबडीले नाई, मलेच बोलली.

"जोरानं सांग," ती म्हणाली. "सायबाले ऐकू नाई आलं."

मी जोरानं सांगितलं. पलीकडच्या काठावर ऐकू जाईल इतक्या जोरानं. गार्डनं बादली खाली ठेवली आणि सायबानं तिचं नाव लिहून घेतलं.